एडीएचडी आहे, ऑफिसात काय मागू, कुणाकडे मागू?

पत्र

मी 29 वर्षांची आहे. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत (साधारण 300 माणसं) अकाउंट्समध्ये आहे. व्हेंडरची (माल-सेवा पुरवणाऱ्यांची) बिलं आणि पेमेंट माझ्याकडे. शाळेत असताना मुंबईत डिस्लेक्सियाचं (वाचन-लेखनातल्या अडचणीचं) प्रमाणपत्र मिळालं होतं, दहावीला जादा वेळ मिळाला. पुढे तो विषय घरात कुणी काढला नाही. या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जातं त्या स्थितीचं) निदान केलं. औषध सुरू आहे, फरकही पडलाय. पण जुलैपासून ऑफिस नव्या जागेत गेलं. आता कुणालाच ठरलेली खुर्ची नाही, मिळेल तिथे बसायचं. मला बहुतेक वेळा पॅन्ट्रीजवळची मिळते. मॅनेजर सर जाता-येता तोंडी कामं सांगतात. मागच्या दोन महिन्यांत तीन पेमेंटमध्ये माझ्याकडून आकडे उलटसुलट झाले. एक रक्कम दुसऱ्याच व्हेंडरला जाता जाता थांबली. 'निष्काळजीपणा' असा शब्द घातलेला मेल आलाय. लेट मार्कमुळे पगार कापला जातो तो वेगळाच. एप्रिलमध्ये अप्रेझल. एचआरला सांगावं का? सांगितलं तर काढून टाकतील का? आणि मागायचं तरी काय? बाबा म्हणतात, लग्न ठरायचंय, कागदावर काही येऊ देऊ नकोस, त्यापेक्षा नोकरी बदल. बदलू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर

बाकी सगळं ठरवायला वेळ आहे, पण त्या 'निष्काळजीपणा'च्या मेलला या आठवड्यात उत्तर द्या. उत्तर न दिलेला मेल फाइलमध्ये तसाच पडून राहतो आणि एप्रिलमध्ये तोच पुरावा म्हणून वाचला जातो. उत्तर चार ओळींचं हवं. तीनही चुका तारखेसह मान्य करा, त्यापैकी पेमेंट जाण्याआधी किती पकडल्या गेल्या ते लिहा, आजपासून कोणती तपासणी सुरू केली ते लिहा (ती कशी करायची ते खाली आलंय), आणि शेवटी 'कामाच्या जागेबाबत मी वेगळं पत्र देत आहे' एवढंच. माफीचा निबंध नको. निदानाचा उल्लेखही या मेलमध्ये नको. चूक दाखवल्यावर लगेच आजार पुढे केला, असा वास त्याला येतो.

आता तुमच्या प्रश्नांतला मधला, म्हणजे 'मागायचं काय', तो आधी घेऊ. तो सुटला की 'सांगावं का' हा प्रश्न बराच सोपा होतो.

'मला एडीएचडी आहे' या वाक्याचं एचआरवाल्यांना काही करता येत नाही. बहुतेकांनी हा शब्द रील्समध्ये ऐकलेला असतो आणि 'अगं, लक्ष तर हल्ली कुणाचंच लागत नाही' यावर गाडी थांबते. 'पॅन्ट्रीजवळ बसून बिलं टाकताना चुका वाढतात, भिंतीकडची ठरलेली खुर्ची द्या' या वाक्याचं मात्र ते दोन दिवसांत काहीतरी करू शकतात. म्हणून प्रत्येक मागणीत तीन गोष्टी हव्यात: कोणतं काम, त्यात नेमकं काय आडवं येतं, आणि काय बदललं तर ते दूर होईल. 'थोडं समजून घ्या', 'लवचिकता हवी' अशा मागण्यांना सगळे हो म्हणतात आणि काहीच बदलत नाही, कारण काय बदलायचं हे कुणालाच कळलेलं नसतं.

नेमकं काय आडवं येतं हे अंदाजाने लिहू नका. दहा कामाचे दिवस नोंद ठेवा. चार रकाने पुरतात: वेळ, काम, आजूबाजूला काय चाललं होतं, काय झालं. एका नोंदीला मिनिटभर. यातले काही दिवस महिन्याच्या 1 ते 11 तारखेमधले असू देत, कारण 7 तारखेचा टीडीएस (कापलेल्या कराचा भरणा) आणि 11 चं जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) यांच्यामध्ये तुमच्या विभागात काय गोंधळ असतो ते आम्ही सांगायला नको. नोंद घरच्या वहीत ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. तो लॅपटॉप कंपनीचा आणि उद्या परत मागितला तर नोंदीही गेल्या. पण वहीत व्हेंडरचं नाव, खाते क्रमांक, रक्कम उतरवू नका, बिलाचे स्क्रीनशॉट स्वतःच्या फोनवर घेऊ नका. आपली बाजू मांडायला गोळा केलेल्या कागदांवरून गोपनीयता मोडल्याचा ठपका येणं हा फार वाईट शेवट असतो. 'बिल नोंद, दोन अंक उलटे, शेजारी दोघं बोलत होते' एवढं पुरे.

दहा दिवसांनी वही वाचलीत की दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतील. तुमच्या पत्रावरून आम्हाला चार दिसतात. त्यातलं पहिलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते एडीएचडीपेक्षा जुन्या डिस्लेक्सियाशी जास्त जोडलेलं असावं.

आकडे उलटे होणं. 5,68,400 च्या जागी 5,86,400 पडलं तर फरक 18,000 येतो. त्याला 9 ने भागा: बरोबर 2,000. 4,518 चे 4,158 झाले तर फरक 360, तोही 9 च्या पाढ्यात. शेजारचे दोन अंक जागा बदलतात तेव्हा फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. एखादं शून्य जास्त-कमी पडलं तरी जातो. म्हणजे ताळा जुळत नसेल आणि फरकाला 9 ने भाग जात असेल, तर राहून गेलेलं बिल शोधण्याआधी उलटा आकडा शोधा. जुने मुनीम हे तोंडी करायचे. ही तपासणी आजच सुरू करता येते आणि मेलच्या उत्तरात लिहायला ती उत्तम आहे.

खाते क्रमांकाला मात्र बेरीज नसते, तिथे हा ताळा चालत नाही. तिथे नियम एकच: हाताने टाइप करायचंच नाही. व्हेंडर मास्टरमधून (व्हेंडरच्या माहितीच्या मूळ यादीतून) कॉपी-पेस्ट. नवीन व्हेंडर असेल तर रद्द केलेल्या चेकवरून दुसऱ्या माणसाने वाचून दाखवायचं आणि तुम्ही स्क्रीनवर जुळवायचं. एक्सेलमध्ये लांबीची अट घाला: जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा, त्यातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27) आणि पुढची दहा अक्षरं पॅनची, आयएफएससी (बँक शाखेचा कोड) 11 अक्षरांचा आणि त्याचं पाचवं अक्षर कायम शून्य. अट मोडली की रकाना लाल. एवढ्याने अक्षर गळलेलं, वाढलेलं, ओ आणि शून्य यांची अदलाबदल झालेली पकडली जाते. अंक उलटे झालेले पकडले जात नाहीत, म्हणून कान लागतात. एक्सेलमध्ये 'स्पीक सेल्स' नावाची सोय आहे. ती रिबनवर दिसत नाही, ऑप्शन्समध्ये जाऊन वरच्या टूलबारवर आणावी लागते. ती आकडा वाचते आणि तुम्ही डोळे कागदी बिलावर ठेवता. डोळ्यांनी दोनदा वाचताना डोळा तीच चूक दोनदा करतो. कान सहसा करत नाही. यासाठी हेडसेट वापरायची परवानगी लागेल, ती मागणी क्रमांक एक.

तिच्याच जोडीला मागा की ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक पेमेंटला एक जण टाकेल आणि दुसरा मंजूर करेल. बहुतेक बँकांच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगमध्ये मेकर आणि चेकर अशी व्यवस्था असतेच. कित्येक ठिकाणी दोन्ही पासवर्ड एकाच माणसाकडे असतात ही गोष्ट वेगळी. हे 'माझं काम तपासा' असं मागू नका. 'सगळ्यांच्या पेमेंटला लावा' असं मागा. तुमच्या एकटीवर पहारा बसवला असं दिसत नाही आणि ऑडिटरही खूश.

दुसरं, जागा आणि आवाज. एचआरचा पहिला विचार येईल 'हेडफोन घाल'. घ्या, पण त्यावर थांबू नका. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एसीची घरघर, पंख्याचा आवाज असे खालच्या पट्टीचे सलग आवाज छान खातात. माणसांचं बोलणं ते तितकं अडवत नाहीत. उलट घरघर गेल्यावर पॅन्ट्रीतल्या गप्पा जास्त स्पष्ट ऐकू आल्या अशी तक्रार नेहमीची आहे. बोलण्यावर उपाय म्हणजे अंतर आणि दिशा. म्हणून ठरलेली खुर्ची मागा, आणि 'शांत जागा' असं न म्हणता तिचं वर्णन द्या: पॅन्ट्री, प्रिंटर आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, पाठ भिंतीला, मागून कुणी जाणार नाही अशी. मेल करण्याआधी मजल्यावर एक चक्कर मारा आणि अशा दोन खुर्च्यांचे क्रमांकच लिहा. डोक्यावरच्या ट्यूबने डोकं दुखत असेल तर तेही पाहा. जुन्या चोकची ट्यूब आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, काहींना ते जाणवतं. तेवढी एक ट्यूब काढणं किंवा बदलणं हे हाउसकीपिंगचं पाच मिनिटांचं काम.

तिसरं, तोंडी कामं. इथे बहुतेक जण चुकीची मागणी करतात: 'सरांनी सगळं लिहून द्यावं'. सर पहिल्या आठवड्यात लिहितील, दुसऱ्यात विसरतील, तिसऱ्यात तुम्हाला पुन्हा मागायला संकोच वाटेल आणि सोय संपली. लिहिण्याचं काम स्वतःकडे घ्या. काम सांगितलं की दहा मिनिटांच्या आत तुमचा दोन ओळींचा मेसेज: 'मी असं समजले: अमुक तीन व्हेंडरचं पेमेंट गुरुवारपर्यंत, चौथ्याचं थांबवायचं. चुकलं असेल तर सांगा.' सरांकडून मागायचं ते इतकंच, की त्यांनी त्याच दिवशी 'ओके' किंवा दुरुस्ती पाठवावी, आणि जाता-येता सांगताना तुम्ही वही काढेपर्यंत थांबावं. यासाठी निदान सांगायची गरजच नाही. पुढच्या सोमवारी सुरू करा.

चौथं, लेट मार्क. सर म्हणतील 'ये की दहाच्या ऐवजी साडेदहाला, मी बघतो'. त्यावर विसंबू नका. बायोमेट्रिक यंत्र सरांना ओळखत नाही. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावापुढे सकाळी दहाची शिफ्ट आहे तोवर तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापला जाणारच, आणि वर्षाअखेरीस ती यादी अप्रेझलला जोडली जाणार. म्हणून मागणी अशी: येण्याची वेळ 10 ते 11 मधली, तास पूर्ण, आणि तशी शिफ्ट हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये एचआरने बदलून द्यावी. आधीच कापलेल्या पगाराचा विषय याच मेलमध्ये काढू नका, त्यावरून वाद पेटतो आणि मूळ मागणी बाजूला पडते.

बिलं टाकण्यासाठी रोज दीड तास कुणी हाक मारणार नाही असा हवा असेल तर तोही मागता येतो, मात्र 'तातडीचं असेल तर फोन करा' ही वाट उघडी ठेवून. आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मिळणं, याही रास्त मागण्या आहेत. पण आत्ता नको. एका वेळी चारच. बारा मागण्यांच्या यादीतून कंपनी स्वतःला सोपी ती निवडते, तुम्हाला लागणारी नाही.

काय मागू नये हेही सांगतो. 7 तारीख तुमच्या मॅनेजरने ठरवलेली नाही, ती सरकारची आहे. 'मंथ-एंडचं काम माझ्याकडे नको' ही मागणी टिकणार नाही आणि तुमच्या कामाचा गाभाच त्यातून जातो. मागायची ती गाभ्यापर्यंत पोचायची वाट, गाभ्यातून सुटका नव्हे.

आता कुणाला किती सांगायचं. मॅनेजरला आधी पंधरा मिनिटं मागून प्रत्यक्ष बोला, म्हणजे एचआरकडून त्यांना अचानक कळणार नाही. त्यांना कामाच्या भाषेत सांगितलं तरी पुरतं. एचआरला मात्र एकदा लेखी, निदानाचं नाव घेऊन कळवा. कारण साधं आहे: ज्या मालकाला काही कळवलंच नव्हतं त्याला 'तुम्ही सोय नाकारलीत' असं पुढे म्हणता येत नाही. टीमला काहीच सांगायची सक्ती नाही. 'हिला ठरलेली खुर्ची कशी?' असं कुणी विचारलं तर 'एचआरने दिलीय' हे पूर्ण उत्तर आहे.

मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा असू द्या:

'विषय: कामाच्या ठिकाणी रीझनेबल अकॉमोडेशनची विनंती (गोपनीय).
मला डिस्लेक्सिया (विशिष्ट अध्ययन अक्षमता) आणि एडीएचडी आहे. डॉक्टरांचं पत्र सोबत आहे. माझं काम मी पूर्ण करू शकते. पुढील चार बदल झाल्यास बिलांच्या नोंदीतील चुका कमी होतील. 1. हेडसेट आणि एक्सेलमधील वाचन-सोय वापरण्याची परवानगी, आणि मोठ्या पेमेंटना मेकर-चेकर. 2. अमुक किंवा तमुक क्रमांकाची ठरलेली खुर्ची. सध्याच्या जागी सततच्या बोलण्यामुळे नोंदी चुकतात. 3. तोंडी कामांवर मी पाठवलेल्या लेखी सारांशाला त्याच दिवशी दुजोरा. 4. येण्याची वेळ 10 ते 11, तास पूर्ण, हजेरी प्रणालीत तशी शिफ्ट. हे सहा आठवडे करून पाहावं आणि अमुक तारखेला आढावा घ्यावा. सात कामकाजाच्या दिवसांत बोलता येईल का? ही माहिती माझ्या परवानगीशिवाय इतर कुणाला देऊ नये, ही विनंती.'

'रीझनेबल अकॉमोडेशन' (म्हणजे वाजवी सोय) हे शब्द विषयातच ठेवा. एचआर आणि त्यांचे वकील तेच ओळखतात. 'माझं काम मी पूर्ण करू शकते' हे वाक्य गाळू नका, नाहीतर 'मग झेपेल असं हलकं काम देऊ' अशी कृपा होते आणि ती पुढे पगारवाढीच्या आड येते. सहा आठवड्यांची मुदत दोघांच्या सोयीची: कंपनीला कायमचा शब्द द्यावा लागत नाही, आणि तुमच्याकडे अप्रेझलपूर्वी आकडे जमतात. मेल डिसेंबरात गेला तर आढावा जानेवारीअखेर येतो. त्यासाठी दर आठवड्याला दोनच आकडे लिहा: किती नोंदी केल्या, आणि तपासणीत किती चुका सापडल्या. पहिल्या दोन आठवड्यांत सापडलेल्या चुका वाढतील. घाबरू नका, आधी त्या सापडतच नव्हत्या. बाहेर गेलेल्या चुका वेगळ्या मोजा. खाली यायला हवा तो हा आकडा.

मॅनेजरशी किंवा एचआरशी तोंडी जे ठरेल त्याचा मेल त्याच संध्याकाळी तुम्हीच पाठवा.

डॉक्टरांचं पत्र म्हणजे सगळी फाइल नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांकडून एका पानाचं वेगळं पत्र मागा. लेटरहेड, तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, निदान, कामावर होणारा परिणाम तीन-चार ओळींत, सुचवलेले बदल, आणि पुन्हा कधी तपासायचं. लहानपणाचा इतिहास, घरातलं वातावरण, औषधाचं नाव आणि डोस यातलं काहीही कंपनीला लागत नाही. डॉक्टरांकडे जाताना चार मागण्यांचा कागद घेऊन जा. नाहीतर 'हिला तणावापासून दूर ठेवावे' असं एक वाक्य लिहून मिळतं, ज्याचा अर्थ एचआर 'हिला महत्त्वाचं काम देऊ नये' असा लावतो.

कायदा काय म्हणतो, तर तुमच्या बाजूने वाटतं त्यापेक्षा जास्त. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा. 19 एप्रिल 2017 पासून लागू. त्याच्या 21 प्रकारांच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे तुमचा डिस्लेक्सिया. ऑटिझमही आहे. एडीएचडी त्या यादीत वेगळा नाही. पण कलम 2(एस) मधली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीला बांधलेली नाही: दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची अक्षमता, आणि समोरच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने सहभागी होता न येणं. या व्याख्येवर बोट ठेवून फक्त एडीएचडी असलेल्यालाही मागणी मांडता येते. मात्र वाद झाला तर यादीतला डिस्लेक्सिया हा तुमचा भक्कम पाय, म्हणून मेलमध्ये त्याचं नाव पहिलं.

एचआर हमखास म्हणणार, '40 टक्क्यांचं प्रमाणपत्र आणा.' ती अट आरक्षणासारख्या लाभांना आहे. वाजवी सोयीला ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात 11 फेब्रुवारी 2021 ला स्पष्ट केलं. तो उमेदवार लिहिताना हाताला पेटके येतात म्हणून लेखनिक मागत होता आणि त्याच्याकडे 40 टक्के नव्हते. दुसरा निकाल त्याच वर्षीच्या डिसेंबरमधला, रविंदर कुमार धारीवाल यांचा: गैरवर्तन म्हणून दाखवलेल्या गोष्टीमागे मानसिक दिव्यांगत्व हे एक कारण असेल, तर शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हाही अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. तो खटला सीआरपीएफचा, तुमची कंपनी खासगी. तरी वकिलाला हे नाव ठाऊक असतं.

खासगी कंपनीला हे लागू नाही असं कुणी म्हणालं तर अर्धं खरं. नोकरीतल्या भेदभावाचं कलम 20 सरकारी आस्थापनांबद्दल बोलतं. पण कलम 3 मधली भेदभावाची मनाई सर्वांसाठी आहे, सोय नाकारणं हा भेदभाव असं व्याख्येतच आहे, आणि 2017 च्या नियमांनुसार 20 किंवा जास्त माणसांच्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली तर त्याने कारवाई करायची, नाहीतर असं का केलं याचं लेखी उत्तर द्यायचं. सोयीचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही, हेही त्याच नियमात. हेडसेटचं बिल कंपनीचं. कलम 21 खाली प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. मेल करण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर ते शोधा. सापडलं तर त्यातल्या संपर्क अधिकाऱ्याला मेलच्या प्रतीत ठेवा. सापडलं नाही तर 'धोरणाची प्रत मिळेल का?' अशी एक निरागस ओळ मेलमध्ये घाला. पुष्कळ ठिकाणी त्या एका ओळीने विषय एचआरच्या वरच्या माणसापर्यंत जातो.

नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह. 'पॉलिसी सगळ्यांना सारखी' हे कारण नव्हे. 'या मजल्यावर खुर्च्या कमी आहेत' हे कारण आहे, त्यावर बोलता येतं: मग ठरावीक दिवशी घरून काम द्या. तरीही दार बंदच असेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तालय पुण्यातच आहे. नियमानुसार तक्रार 60 दिवसांत निकाली काढायची असते. आयुक्त कंपनीला बोलावू शकतात, कागद मागवू शकतात, पण शेवटी देतात ती शिफारस. पाळली नाही तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. म्हणजे धाक आहे, हुकूम नाही. आम्ही तिथे आधी जायला सांगणार नाही.

'काढून टाकतील का' याला कुणीही प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकत नाही. कंपन्या दुसरं कारण दाखवून काढतात. पण सध्याची तुमची स्थिती बघा: तीन चुका, एक निष्काळजीपणाचा मेल, लेट मार्कची यादी, आणि तुमच्या बाजूने एकही कागद नाही. गप्प राहणं इथे सुरक्षित नाही, फक्त ओळखीचं आहे. पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली लेखी मुदत) हातात पडल्यावर सांगितलेलं निदान सबबीसारखं दिसतं. आधी सांगितलेलं तसं दिसत नाही.

सोय मंजूर झाल्यावर ती बहुधा दोन ठिकाणी निसटते. मॅनेजर बदलला की, आणि मजला बदलला की. म्हणून मंजुरी एचआरच्या मेलवर घ्या, मॅनेजरच्या शब्दावर नको, आणि नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात तोच मेल पुढे पाठवा. तिसरा धोका तुमच्याकडूनच: बरं चाललं म्हणून 'आता गरज नाही' असं स्वतः सांगू नका. बरं चाललंय ते सोयीमुळे.

बाबांच्या काळजीबद्दल. एचआरला दिलेलं पत्र स्थळ बघायला आलेल्यांना दिसत नाही. यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) काढायचं की नाही हा वेगळा निर्णय आहे, या चार मागण्यांना ते लागत नाही. पुढे सरकारी नोकरी हवी वाटली तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात नव्याने तपासणी करावी लागेल. शाळेतलं प्रमाणपत्र त्या जागी चालणार नाही, पण ते जपून ठेवा: ही अडचण अप्रेझल बघून उगवलेली नाही, हे दाखवणारा तुमच्याकडचा सगळ्यात जुना कागद तोच. हरवलं असेल तर ज्या रुग्णालयाने दिलं तिथे (मुंबईत सायन, नायरसारख्या रुग्णालयांतून ती दिली जातात) जुना नोंदणी क्रमांक घेऊन दुसरी प्रत मागून बघा. शाळेच्या दप्तरातही एक असू शकते.

आणि नोकरी? आढाव्यापर्यंत बदलू नका. दुसऱ्या कंपनीतही मिळेल तिथेच बसायचं असेल, आणि तिथे तुम्ही प्रोबेशनवर असाल. बदलायचीच झाली तर मुलाखतीत निदान सांगायची गरज नाही. लेखी चाचणीला जादा वेळ हवा असेल तरच आधी कळवा. त्याऐवजी तुम्ही प्रश्न विचारा: बसायची जागा ठरलेली असते का, पेमेंट एक जण टाकतो आणि दुसरा मंजूर करतो का, मंथ-एंडला कामं कशी वाटली जातात. ऑफर हातात आल्यावर, रुजू होण्याआधी, वरचा मेल 'चार बदल झाल्यास' च्या जागी 'चार सोयी पहिल्या दिवसापासून' असं करून पाठवता येतो. रुजू होताना आरोग्याचा फॉर्म भरायला देतात, त्यात थेट विचारलं असेल तर खोटं 'नाही' लिहू नका. पुढे सोय मागायची वेळ आली की तोच फॉर्म तुमच्यासमोर ठेवतात.